नथवाली

बेबाबाईने पकडीने माशाच्या ओठातली तांब्याची कडी सरळ केली, ओढून काढली आणि उजेडात धरली. तीन पीळ, तेही डावीकडे वळलेले. ती डावरी होती. भोईवाड्यात असा पीळ दुसऱ्या कुणाच्या हातून पडत नव्हता.

“शालिग्राम, ही नथ मन्ही शे.”

शालिग्राम समोर उकिडवा बसला होता. दोघांच्या मध्ये केळीच्या पानावर हातभर लांबीचा रोहू पडला होता.

“तुम्हनीच शे, अक्का. मी नही म्हनस का? पन मासा मी खाले बंधाराजोडे धरा. डोहमा पाय नही टाका.”

“नथवाली डोह सोडस का कधी?”

“ते माले काय माहीत? जाळामा उनी. गिरणामायनी आन.”

बेबाबाईने कडी पदराच्या गाठीला बांधली. नदीच्या आणभाका ऐकतच तिचे केस पिकले होते.

भडगावच्या खालच्या अंगाचा हा डोह तीन वर्षांपूर्वी गावानेच राखीव केला होता. डोहाच्या वरच्या टोकाला एक लाल निशाण, खालच्या टोकाला एक. मधल्या चारशे पावलांत जाळं टाकायचं नाही, बाहेर खुशाल टाका. ‘आत मासा वाढला की बाहेरही वाढेल,’ असं जळगावहून येणाऱ्या मत्स्यखात्याच्या कामिनी मॅडम समजावून सांगत, तेव्हा माणसं मान डोलावत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. आज डोह बंद, उद्या अख्खी नदी बंद, असाच सगळ्यांचा होरा होता. शेवटी बेबाबाईने डोहाला आपल्या रीतीने कुलूप लावलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्या दिवशी बायकांनी डोहातले वीस मोठाले मासे धरले, त्यांच्या ओठात तांब्याची नथ घातली आणि परत सोडून दिले. या गिरणेच्या लेकी, माहेरी आलेल्या. माहेरवाशिणीला कोण हात लावतो? पुढे दर आखाजीला नव्या वीस नथा पडू लागल्या. कागदावरच्या नियमापेक्षा हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. इतकं पक्कं, की नथवाली डोहाबाहेर जाते का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

डोह राखायला बैठकीत उघड विरोध केला होता तो एकट्या शालिग्रामने. मग नथवाली त्याच्याच पाटीत निघाल्यावर दुसऱ्या कुणाकडे बघायची गरजच काय! कुणाला त्याच्या अंगणातली ओली पावलं आठवली, कुणाला भलत्या वेळी आलेला माशाच्या कालवणाचा वास. राखणीच्या पाळीला तो नेहमी एकटाच का बसतो, हेही कुणीतरी काढलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. भोईवाड्याने ते माणसाशीच धरलं.

चोराचं जाळं नदीकाठच्या निंबाखाली जाळायचं, हा तिथला जुना दंड. ज्याचं जाळं जळलं त्याने पुन्हा त्या पाण्यात उतरायचं नाही. शालिग्रामला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. त्याचं जाळं दुपारीच ओढून नेलं होतं. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि शेवटचा शब्द बेबाबाईचा होता.

घरी तिची लेक दिपमाला भाऊबीजेला आली होती. नदीच्या खालच्या अंगाला सहा कोसांवर तिचं सासर. भाकरी थापता थापता तिने दोनदा तेच विचारलं.

“त्यानी खरंच डोहमाईन धरा का, माय?”

“तुले काय करनं शे?”

दिपमालाने भाकरी तव्यावर टाकली. थोड्या वेळाने तिने रुमालाची एक छोटी गाठ पिशवीच्या तळाशी सारली आणि वर लुगडं दाबलं. बेबाबाईने ते चुलीपाशी बसूनच पाहिलं. सकाळी हापशावर ही शालिग्रामच्या बायकोशी बराच वेळ बोलत होती. संशय एकदा घरात शिरला की तो लेक बघत नाही आणि जावई बघत नाही. जेवताना बेबाबाईला घास गोड लागला नाही.

सकाळी दिपमाला पिशवी घेऊन निघाली, तेव्हा बेबाबाई दारात आडवी उभी होती.

“पिशवीमा काय शे?”

दिपमालाने आईकडे पाहिलं, खाली बसली आणि रुमालाची गाठ सोडली. पाच तांब्याच्या कड्या फरशीवर सांडल्या. बेबाबाईने एकेक उचलून बोटाने चाचपली. तीन पीळ, डावीकडे.

“या कोठे सापडन्यात?”

“आम्हना गावले. भादवाना पूर उतरना का जाळामा येतस. आम्हीन खाद्यात. सासू म्हने, तांबं शे, फेकू नको.”

“मंग इतला दिन तोंडमा काय व्हतं?”

“काय सांगू? आठे नथवाली म्हंजे चोरी. मन्हा सासरलेच चोर म्हनतात तुम्ही.”

बेबाबाई उंबऱ्यावर टेकली. तीन वर्षं तिने डोहात कोण शिरतं यावरच डोळे लावले होते. बाहेर कोण जातं, ते कधी पाहिलंच नव्हतं. मॅडम बिचारी कंठशोष करून हेच सांगत होती.

“सहा कोस,” ती म्हणाली. “डोहमा काय कमी व्हतं त्यास्ले?”

“कमी कसानं? लेक आखाजीले येस, मंग सासरले जास.” दिपमालाने पिशवी उचलली. “मी नही जाई राहिनू का आते?”

निंबाखाली माणसं जमली होती. जाळ्याचा ढीग मधे, त्याच्याशेजारी घासलेटची बाटली. बेबाबाईने दगडावर सहा कड्या ओळीने मांडल्या, कुठली कुठून आली ते सांगितलं आणि ज्याला शंका असेल त्याने पीळ चाचपावा म्हणून बाजूला सरकली. कुणीच पुढे आलं नाही.

“मी चुकनू,” ती म्हणाली. तिला फार लाज वाटत होती आणि ती तिने लपवली नाही.

बाटली आणणाऱ्याने ती मुकाट्याने उचलून नेली. काल ओढताना जाळं दोन वीत फाटलं होतं. बेबाबाईने सुई-दोरा मागवला, फाटका भाग मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने गाठी मारायला लागली.

“ये, शालिग्राम. बस.”

शालिग्राम आला, पण बसला नाही. शेवटची गाठ पडेपर्यंत तो तिच्या बोटांवर नजर ठेवून उभा होता, बाई जाळं सांधतेय की उसवतेय ते बघत.