नाल्याच्या तोंडावरचा ठिपका

आमचे जावई दारात चपला काढतात आणि शेजारी अक्कलही काढून ठेवतात. जाताना चपला तेवढ्या आठवणीने घालतात.

परवा आले ते समुद्राचा नकाशा घेऊनच. राखीव पट्ट्याचे अधिकारी ना ते! पट्ट्यात पाच वर्षं मासेमारी बंद आहे. मासे वाढले का ते आता मोजायचं, आणि कुठे मोजायचं ते हे ठरवणार. बंदीला कुणी तयार नव्हतं. मीच घरोघर फिरले, "थोडं थांबा रे, वाढतील." माझ्या शब्दावर वीस होड्या दूर राहिल्या. माझ्या थोरल्या मुलाचीही.

नकाशावर पट्ट्यात हिरवे ठिपके. बाहेर एकच, लाल.

"हा कशाला?"

"तुलनेला, आई. आत किती, बाहेर किती, कळायला नको?"

मला अक्षर जेमतेम लागतं, पण किनारा ओळखते. "अहो, हे तर नाल्याचं तोंड! सगळ्यांची घाण तिथे उतरते."

"धक्क्यापासून जवळ पडतं." मग आवाज खाली आणून, "आणि वरच्यांना वाढ दिसायला हवी."

"म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी! आत दोन मासे असले तरी वाढच. बाहेरची जागा आतल्यासारखी नको? तेवढीच खोल, तसाच खडक. सुळक्यापलीकडे आहे की तशी."

"आई, यातलं तुम्हाला नाही कळायचं."

लेक आतून डोळे वटारत होती. माझ्यावर, त्यांच्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याला नाल्याच्या तोंडाशी जाळं टाकायला लावलं. मिळाला एक मासा. तोही मेलेला, पोट फुगलेला, अंगावर काळा तवंग. जावई चहाला बसले तशी ताटली त्यांच्या नकाशावर ठेवली.

त्यांनी नाक दाबलं. "शी! हे काय, आई?"

"नाक काय दाबता? तुमच्याच ठिपक्यावरचा आहे. तो ठिपका हलवा."

"आता नाही हलवता येणार. कागद वर गेलाय. आणि एका ठिपक्याने कुणाचं काय बिघडतंय?"

"माझा शब्द बिघडतोय."

ताटली तिथेच राहू दिली. दारात माझ्या चपला घातल्या. जावयांची एक लाथेनं अंगणात गेली, ती गेली.

"कुठे निघालीस?" लेक ओरडली.

"धक्क्यावर. मोजणी खोटी आहे म्हणून सांगायला. माझा शब्द मीच परत घेते."

जावई उठून उभे राहिले. त्यांच्याकडे वळून म्हटलं, "जावईबापू, तो मासा निदान मेल्यावर नासला. तुम्ही चांगले धडधाकट असून नासलात."