सिगारला दिलेलं ऊन

मंदाचं चुकलं ते एवढंच, की तिने सिगारला ऊन दिलं. निदान सुरुवातीला तरी एवढंच.

सिगार तिच्या सासऱ्याची, नाथाची. तीस वर्षं तो बोटीवर खलाशी होता, आणि शेवटच्या फेरीला कप्तानाने स्वतःच्या हाताने ती दिली होती. नाथाने ती पेटवली नाही, लाकडी पेटीत जपली. आता भाईंदरच्या खोलीत तो अंथरुणाला खिळला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि त्याचं मागणं एकच होतं: एकदा ती ओठांत धरू द्या.

मंदाने पेटी उघडली तर सिगारवर पांढरी भुकटी. कोळ्याच्या घरात पांढरं दिसलं की बुरशी, आणि बुरशीवर औषध ऊन. गच्चीवर बोंबील वाळत होते, त्यांच्याच शेजारी तिने सिगार ठेवली. ऑक्टोबरचं ऊन, तेही दोन दिवस. उचलायला गेली तर वरचं पान तडकलेलं, टोकाकडून सुटत चाललेलं.

स्टेशनजवळ हितेशभाई परदेशी सिगारी विकायचा. त्याने कपाळावर हात मारला. ती बुरशी नव्हतीच म्हणे, पानातलंच तेल वर आलं होतं, फडक्याने पुसलं असतं तरी भागलं असतं. आता घाईने ओल्या फडक्यात गुंडाळू नका, आतली तंबाखू फुगेल आणि उरलंसुरलं पान फाडेल. घट्ट डब्यात पिळलेला स्पंज ठेवा, सिगारला टेकू देऊ नका, रोज थोडी फिरवा. तीन आठवडे लागतील. सुटलेलं टोक मग किंचित डिंकाने बसवा.

घरी नाथाने विचारलं तेव्हा मंदाची जीभ रेटेना. सापडत नाही, म्हणाली, आणि डबा तांदळाच्या पिंपामागे दडवला. बरी झाली की हातात ठेवू, असं तिला वाटलं.

नाथा छताकडे बघत राहिला. "रामूने विकली असल," तो म्हणाला.

रामू म्हणजे त्याचा मुलगा, मंदाचा नवरा. एके काळी दारूपायी त्याने बापाचं घड्याळ विकलं होतं. त्यालाही सहा वर्षं झाली, तेव्हापासून थेंबाला शिवला नव्हता बिचारा. मंदाने तिथेच तोंड उघडायला हवं होतं की नाही? नाही उघडलं. आज सांगते, उद्या सांगते करत बसली. बापाने लेकाशी बोलणं टाकलं. डबा दडवल्यापासून तेराव्या दिवशी दुपारी नाथाला घरघर लागली. रामूने चमच्याने पाणी पाजायला घेतलं, तर म्हाताऱ्याने मान फिरवली, पाणी उशीवर सांडलं. मंदाच्या हातचं मात्र घोटभर प्याला आणि गेला.

बाबांनी असं का केलं, हे रामू रोज विचारी. शेवटी भान नसतं, असं मंदा रोज सांगे.

एकविसाव्या दिवशी तिने डबा उघडला. पान मऊ झालं होतं. डिंकाने तिने टोक बसवलं, आणि सगळ्या खोलीत वास पसरला. रामू आत आला, सिगार पाहून दारातच थांबला. मंदाने मग काही राखलं नाही, उन्हापासून सगळं सांगितलं.

तो खाली बसला.

"पाणी सांडलं, तेव्हा तुला ठाव होतं?"

"व्हतं," मंदा म्हणाली.

तिने तांब्यातून पाणी ओतून भांडं पुढे केलं. रामूने मान फिरवली.