चौदावी टीप

सरिताने मेल पुन्हा उघडून पाहिला. उत्तर नव्हतं. तासाभरातली ही विसावी तरी खेप असेल. आपण पाहिल्याने मेल लवकर येत नाही हे तिलाही कळत होतं. पण जीव टांगणीला लागला की शहाणपण कोणाला सुचतं?

नोकरीसाठी पुण्याच्या कंपनीची अट सोपी होती. कोणालाही कोड सुधारता येतो अशा खुल्या प्रकल्पात तुमची एक दुरुस्ती स्वीकारली गेल्याचं दाखवा, शुक्रवारी पाचपर्यंत. आज शुक्रवार होता. आसेगावात बसून तिने नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या कोडमधल्या टिपा दुरुस्त केल्या होत्या. कोणता आकडा कशासाठी, हे सांगणाऱ्या टिपा. टीप नसली की कोड तपासणारं यंत्र इशारा देई. असे चौदा इशारे होते, आता एकही नव्हता. दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवून ती त्यांच्याच उत्तराची वाट पाहत होती.

तिचे वडील उकंडराव दारात खुर्ची टाकून बसले होते. तीस वर्षं वायरमन म्हणून राबून निवृत्त झालेला माणूस. पोरीचं काम नेमकं काय, ते त्यांनी विचारून घेतलं आणि खूश झाले. डीपीच्या पेटीतही हेच असते, म्हणाले. कोणता फ्यूज कोणत्या लाइनचा, ते रंगाने लिहायचे. लिहिण्याआधी मात्र तारेखालून शेवटच्या पोलपर्यंत पायी जायचे, मग चिखल असो की वैशाखातलं ऊन.

"तुनं सगळ्या तारा चालून पाह्यल्या असतीन ना?"

सरिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. तेरा टिपांसाठी तिने कोड मुळापर्यंत वाचला होता. चौदावा आकडा कुठून येतो ते सापडेना, तेव्हा ‘थांबण्याची वेळ, मिलिसेकंदांत’ असं ठोकून दिलं. यंत्र गप्प झालं. टीप आहे की नाही एवढंच ते पाहतं. खरी की खोटी, त्याचं त्याला काय.

"एक अंदाजानं लिवली, बाबा."

उकंडराव रागावले नाहीत.

"ते वाचून पोलवर कोण चढते?"

तिला माहीत नव्हतं. तिला त्याचीच भीती वाटली.

चार वाजून दहा मिनिटांनी मेल आला. दुरुस्ती स्वीकारली होती, वर आभारही मानले होते. आई भागिरथाने लगबगीने साखर आणून तिच्या हातावर ठेवली. सरिताने मूठ मिटली, पण साखर तोंडात टाकली नाही. दुसऱ्या हाताने तिने हळूहळू उत्तर टाइप केलं: चौदावी टीप अंदाजाने लिहिली आहे, स्वीकारलेली दुरुस्ती सध्या मागे घ्या. बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. साडेचार झाले. मग तिने बटण दाबलं.

तिने ती ओळ खोडून यंत्राला पुन्हा तपासायला लावलं. पडद्यावर एक इशारा परत आला.

उकंडरावांनी खुर्ची उचलली आणि तिच्याशेजारी आणून ठेवली.

"हे तार कुठून निंगते?" त्यांनी विचारलं.