आइनने उत्तर फोडलं

सकाळी दहा वाजता तोरावेरेच्या वेधशाळेत, कॉफीच्या टेबलावर, केर्लीच्या सहकाऱ्याने, आइनने, उत्तर फोडलं.

"केर्ली, अभिनंदन! दीर्घिकांचे अक्ष सुताला धरूनच आहेत."

केर्लीचा घास हातातच राहिला. विश्वात दीर्घिका कशाही विखुरलेल्या नसतात, लांबच लांब सुतांवर ओवल्यासारख्या असतात. त्या ज्या अक्षाभोवती फिरतात तो सुताला धरून असतो की आडवा, हा तिच्या पीएचडीचा प्रश्न. चार वर्षं ती 'धरून' म्हणत आली होती. काही अंधूक दीर्घिका ठेवायच्या की गाळायच्या, एवढंच ठरायचं होतं. ते ठरेपर्यंत उत्तर कुणी उघडायचं नाही, हा इथला दंडक. एकदा पाहिलं की हात सोयीच्या दीर्घिकांकडेच वळतो, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

"तुला कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"अगं, बातमी चांगली आहे! वाईट असती तर गप्प बसलो असतो."

"म्हणजे तू गप्प बसला असतास तरी मला कळलंच असतं. धन्य आहेस!"

"मग ऐकलंच नाहीस असं समज."

"कसं समजू? कान काढून ठेवू?"

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळे मान खाली घालून कॉफी ढवळत होते. अंधूक दीर्घिकांचं ठरवायला, उत्तर न कळलेला जाणकार आता एकच उरला होता, तिचे मार्गदर्शक हेल्डुर. ते रजा काढून दलदलीत क्रॅनबेरी वेचायला गेले होते.

"हेल्डुरना नाही ना कळवलंस?"

"मेसेज टाकला." आइन घुटमळला. "फुग्यांची चित्रंपण टाकली."

"पूस! आत्ता पूस!"

त्याने पुसला. "पण पुसल्याचं दिसतं गं त्यांना."

"आणि तू वाईट बातमी कधी पाठवतच नाहीस, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे पुसलेली चांगलीच असणार!"

केर्लीने हेल्डुरच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, साइमाने उचलला.

"साइमा, त्यांना फोन बघू देऊ नका."

"अगं, मी घरात, तो चिखलात. कोणी गेलं का?"

"नाही हो! उलट..." केर्लीने जीभ चावली. "काहीच नाही."

"काहीच नाही म्हणून एवढी ओरडतेस?"

आइनचा मेसेज पुसण्याआधी हेल्डुरच्या फोनवर पोचला होता, एवढं नक्की; त्यांनी तो वाचला की नाही, ते कळत नव्हतं. मेसेज बघू नका, एवढं सांगायला केर्ली दुपारी एकपर्यंत हेल्डुरना फोन लावत होती. कुणी उचलत नव्हतं.