नळी निवू दे

बाबा गेले आणि गच्चीवरची वेधशाळा मुकी झाली. पत्र्याचं सरकतं छप्पर, फळ्यांच्या जमिनीतून वर आलेला सिमेंटचा खांब, खांबावर दुर्बीण, कोपऱ्यात त्यांचं तीन पायांचं स्टूल. आईसाठी एका लाल तेजोमेघाचा फोटो त्यांनी काढायला घेतला होता, तो अर्धाच राहिला. महिनाभरात तेजोमेघ शेजारच्या इमारतीआड जाणार होता. पुढच्या वर्षापर्यंत आईची नजर टिकेल, असं डॉक्टर काही म्हणत नव्हते.

लेकीने कंबर कसली. छपराला मोटर लावली, ढग ओळखणारं यंत्र बसवलं, सारा कारभार संगणकाच्या हवाली केला. दिवेलागणीला छप्पर आपसूक उघडायचं, दुर्बीण तारा धरायची, आणि लगेच हिसका बसायचा. कुणी फळीवर पाऊल टाकावं तसा. तारा निसटायचा, ढग आला समजून यंत्र घाबरून छप्पर मिटून घ्यायचं. रोज.

तिने दुर्बीण फिरवणारा पट्टा बदलला, बोल्ट आवळले. वारा नाही, मांजर नाही.

"फळ्या खांबाला टेकल्यात," ती आईला म्हणाली. "कापूनच टाकते. मग वर कुणी नाचलं तरी दुर्बिणीला कळायचं नाही."

"कुणी म्हणजे?"

लेक करवत काढू लागली.

"घाई फार तुला. बापावर नाही गेलीस," आई म्हणाली. "छप्पर उघडलं की ते आधी खांबाभोवती फेरी मारायचे. मग स्टुलावर टेकून गुणगुणायचे,

उघडलं छप्पर, आभाळ आलं घरा,
निवू दे गं नळी, बैस घडीभर जरा.

दुर्बिणीची नळी दिवसभर तापलेली. गार झाल्याशिवाय हात लावायचे नाहीत. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा."

लेकीला रोजचा तो हिसका आठवला. यंत्राला तिने सगळं शिकवलं होतं, थांबायला तेवढं शिकवलं नव्हतं.

करवत तिने ठेवून दिली आणि यंत्राला घडीभराची उसंत नेमून दिली.

त्या संध्याकाळी छप्पर करकरत सरकलं. खाली दोघी कान देऊन बसल्या. वर एक फळी वाजली. मग दुसरी, तिसरी. खांबाला वळसा घालून आवाज कोपऱ्यात गेला. स्टूल कुरकुरलं.

"लाकूड निवतंय," लेक म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला खोटा वाटला.

"हो गं बाई, लाकूडच," म्हणत आईने केस सारखे केले.

मग शांत. दुर्बिणीची मोटर गुणगुणू लागली. तारा निसटला नाही.

फोटो वेळेत पुरा झाला. आईने तो नाकाशी धरला, बोटांनी चाचपला. "केवढा लाल गं!"

तेजोमेघ इमारतीआड गेला, दुर्बीण झाकली गेली. छप्पर उघडायची आज्ञा मात्र लेकीने पुसली नाही. दिवेलागणीला ते उघडतं. जेवायची हाक आता तीच मारते.