काचेच्या डब्यातून गेलेले बैल

मित्रांनो, मी एक जुना रेल्वेचा डबा आहे. पण हे कुणाला कळू नये अशी माझ्या मालकांची फार इच्छा आहे. त्यांनी माझं छप्पर कापून काच बसवली, लाकडी बाकं उपटून मऊ खुर्च्या ठोकल्या आणि अंगावर सोनेरी अक्षरांत ‘अँडीजची महाराणी’ असं लिहिलं. सत्तरीच्या म्हाताऱ्याला मुंडावळ्या बांधाव्यात, तसं झालं माझं.

त्याआधी पन्नास वर्षं मी दुसऱ्या वर्गाचा डबा होतो. बटाट्यांची पोती, मेंढ्या, पाठीवर रंगीत फडक्यात बांधलेली पोरं, टोपलीतले गिनीपिग, सगळे माझ्यातूनच डोंगर चढायचे. एकदा लामा नावाचं उंच मानेचं लोकरी जनावर तपासनिसाच्या तोंडावर थुंकलं, तर अख्ख्या डब्यानं टाळ्या वाजवल्या. डाव्या खिडकीपाशी फोर्तुनाता बसायची. खालच्या बाजारात चीज विकून दमलेली ती चौकटीला डोकं टेकून झोपायची. तिच्या वेण्यांनी तिथला रंग उडाला होता. मालकांनी सगळ्यात आधी तीच चौकट घासली.

आता गावातली माणसं फलाटावर दोरीच्या पलीकडे उभी राहतात. मी त्यांना काचेतून बघतो. तेही मला बघतात, पण ओळखत नाहीत.

त्या सकाळी फोर्तुनाता थेट दोरीखालून वाकून आली. दरड कोसळून बसचा रस्ता बंद झाला होता, आणि वरच्या चाकापाता गावात तिच्या मानसकन्येच्या नव्या घराचं छप्पर त्याच दिवशी शाकारायचं होतं. आमच्याकडे छपराच्या आढ्यावर मातीच्या बैलांची जोडी ठेवतात. ती धर्माच्या आईनंच आणायची, आणि छप्पर शाकारतात त्याच दिवशी बसवायची. बैल नाहीत, तर त्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. फोर्तुनाताच्या पाठीवरच्या फडक्यात तेच दोघं होते.

दारात विल्बर होता. आमचा गणवेशातला सेवक. केसांना इतकं तेल, की माशी घसरावी. त्या दिवशी पाहुण्यांपुढे नाचायला त्यानं भाड्यानं ठरवलेली बाई आलीच नव्हती.

“काय गं मावशी, इतका उशीर? आणि घागरा किती मळका! चल, चढ आत!”

“मळका? धुतलाय कालच!” म्हणत फोर्तुनाता चढली. आपल्याला नाचायला घेतलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. पण मित्रांनो, तिचा पाय पडला आणि माझ्या जमिनीतली जुनी फळी कुरकुरली. तो माझाच आवाज होता.

विल्बरनं खुर्च्यांतल्या सगळ्या परदेशी पाहुण्यांना स्वागताचं सरबत वाटलं. फोर्तुनातानं पेला घेतला आणि पहिला घोट धरणीमातेचा म्हणून खाली ओतला, थेट नव्या गालिच्यावर. पाहुण्यांना वाटलं, ही इथली रीत. चाळीस पाहुणे उठले आणि चाळीस पेले ओतले, अख्खेच्या अख्खे. विल्बर “अहो, नको!” म्हणत धावला आणि एका जाड्या बाईच्या मांडीत जाऊन बसला. पाहुण्यांनी तेही कार्यक्रमात धरलं आणि टाळ्या दिल्या.

मग एकानं फडक्यातून डोकावणाऱ्या बैलांची किंमत विचारली.

“देऊन टाक ना मावशी,” विल्बर तिच्या कानाशी लागला.

“तुझं घर विकतोस का? मग बघू.”

एवढ्यात वळणाचा चढ आला. तिथे डोंगर इतका उभा, की गाडी थांबते, सांधा बदलतो आणि मग ती उलटी मागे वर चढते. पूर्वी चाकापाताची माणसं इथेच उतरायची.

“दार उघड रे, माझं गाव आलं.”

“ही गाडी मधे थांबत नाही.”

“मग आत्ता काय करतेय?”

“थांबलेली नाही. दिशा बदलतेय!”

काचेतून वर ते घर दिसत होतं. ताजं पिवळं गवत, आणि आढ्यावर रिकामी जागा. माणसं हात कपाळाशी धरून वाट बघत होती. फोर्तुनातानं काचेवर मूठ आपटली. मित्रांनो, माझ्या सगळ्या काचा फुटाव्यात असं मला वाटलं. पण त्या फार महागाच्या होत्या, हलल्यासुद्धा नाहीत.

तेव्हा मागून ब्रेक सांभाळणारा म्हातारा सेनोबिओ ओरडला, “फोर्तुनाता! अगं, इकडं ये!” माझं मागचं दार अजून जुनं, लाकडीच आहे. तिकडे पाहुणे फिरकत नाहीत, म्हणून मालकांनी त्यावर पैसे घातले नाहीत. सेनोबिओनं ते लाथेनं उघडलं. ती उतरली. उतरताना तिचा तळहात दाराच्या जुन्या चौकटीवर पडला आणि तिथेच थांबला.

“सेनोबिओ, हा आपला सत्तावीस नंबर ना रे?”

“तोच. नटवलाय म्हाताऱ्याला.”

“मेल्या, मग आधी नाही सांगायचं? नीट बसले तरी असते!”

आम्ही उलटे चढू लागलो तेव्हा छपराला शिडी लागली होती. दोन्ही बैल वर चढले. हा कार्यक्रम कंपनीनं खास तुमच्यासाठी ठेवला होता, असं विल्बरनं सांगितलं.

ती परत कधी चढली नाही. दोरी आता दुहेरी झाली आहे, आणि मागच्या दाराला कुलूप आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना रंग द्या, तेल द्या, पुसा. आम्हाला आवडतं ते. पण एखाद दिवशी रंग द्यायचा राहिला तरी चालेल. फक्त ज्यांच्यासाठी आम्हाला घडवलं, त्यांना आमच्यात बसू द्या.