थांबा, बोट निघालीय

परतीचा पाऊस इतका कोसळेल असं बारामतीत कुणालाच वाटलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी वीज गेली आणि सकाळी मोबाइलचे टॉवरही गप्प झाले. नीळकंठराव मात्र त्या सकाळी थोडे उत्साहातच होते. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून घरून चालवायचा बिनतारी संच, हाच त्यांचा विरंगुळा होता, आणि अशा दिवशीच तर आपला रेडिओ कामाला येतो असं ते सगळ्यांना सांगत आले होते. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी गाडीची बॅटरी सेटला जोडली, हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर लावला आणि सेट सुरू केला.

पहिलाच आवाज ओळखीचा निघाला.

"सर, हाय का हवेवर? मी विजयसिंह बोलतोय, कोऱ्हाळ्यातनं. हितं पाणी लय वाढलंय. ओव्हर."

विजयसिंह फौजेत सिग्नलला होते. निवृत्तीनंतर ते पत्नी साखरबाईंसह कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात, नीरा नदीजवळच्या वस्तीवर राहायला आले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरंच होती. आता ऊस होता, आणि थोरले भाऊ रावजी हट्टानं चार-दोन मेंढरं सांभाळून होते. विजयसिंहांना परवाना काढायला नीळकंठरावांनीच मदत केली होती. दररोज सकाळी चहाच्या वेळेला दोघं हवेवर भेटत. बोलण्यासारखं काही नसलं तर विजयसिंह उसाला पाणी कुठवर गेलं ते सांगत आणि नीळकंठराव आपल्या गुडघ्याची तक्रार करत.

नीळकंठरावांनी माइक दाबला. "बोला विजयराव, ऐकतोय. ओव्हर."

सेटजवळच्या मीटरचा काटा झपकन उजवीकडे जाऊन पडला. अँटेनाकडे पाठवलेली पॉवर जवळजवळ सगळी परत येत होती. सेटनं स्वतःला जपण्यासाठी आपली पॉवर आपणच तोडली.

"सर? हाय का?" विजयसिंह पुन्हा म्हणाले.

"आहे, आहे!" नीळकंठराव ओरडले. काटा परत तिथंच.

म्हणजे ऐकू येत होतं, पण इथून आवाज जात नव्हता. तुटक्या केबलमधूनसुद्धा जवळचं स्टेशन ऐकू येतं; पाठवायला मात्र सगळा रस्ता धड लागतो. नीळकंठराव हे वर्गात शिकवत असत.

त्यांनी अँटेनाची केबल काढून सेटला चाचणीचा भार जोडला. काटा शहाण्यासारखा खाली राहिला. सेट चांगला होता. दोष केबलमध्ये तरी होता नाहीतर वर गच्चीवरच्या तारेत. उन्हाळ्यातच तर त्यांनी सगळे सांधे खरवडून, कथलाचा डाग देऊन, वरून रबराची टेप गुंडाळली होती. पावसाळा चांगला निघाला होता.

"काय झालं हो?" इंदिराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलला. "कुणी बी ऐकत असंल तर निरोप पोचवा. रावजीदादा नदीकडच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर अडकलाय. मेंढरं सोडवायला गेला आन् मागनं ओढा फुगला. खोलीच्या छपरावर बसलाय. पूल पाण्याखाली हाय, मला गावात जाता येत न्हाय. बोट पायजे. कोऱ्हाळे बुद्रुक, नदीकाठ, मोटारीची खोली."

इंदिराबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या चपला घालू लागल्या. "मी मोहितला घेऊन पोलीस चौकीत जाते. तुम्ही ते तुमचं नीट करा."

शेजारच्या मोहितची गाडी गल्लीतल्या पाण्यातून फसफसत गेली, आणि नीळकंठराव पकड, टेप आणि पान्हा घेऊन गच्चीवर चढले.

पाण्याच्या टाकीशेजारच्या लोखंडी पोलावरून अँटेनाची तार दोन्ही बाजूंना उतरत होती. वर विजा चमकत होत्या. अशा वेळी पोलाला हात लावू नये हे त्यांनी कित्येकांना बजावलं होतं. त्यांनी कप्पीची दोरी सोडली. दोरी फुगून कप्पीत अडकली होती. ती मोकळी करता करता दोनदा गुडघ्यावर आपटले. शेवटी तारेचा मधला भाग हातात आला. ओल्या बोटांनी टेप सोलली. आत सांधा कोरडा ठणठणीत होता. डाग चकाकत होता. त्यांना त्याचा राग आला. गंज दिसला असता, हिरवट पूड दिसली असती, तर पुसून टाकता आली असती.

तरी त्यांनी सांधा कापून नवा केला, तार वर ओढली आणि भिजलेल्या अंगानं खाली आले.

काटा पुन्हा उजवीकडे.

"सर," विजयसिंहांचा आवाज आता बारीक झाला होता, "खोलीची एक भिंत पडली. दादा दुसऱ्या कोपऱ्याला सरकलाय. मला हितनं दिसतोय. हात हलवतोय. कुणी हाय का?"

"आहे हो, आहे!" नीळकंठराव माइक न दाबताच म्हणाले.

मग दोष केबलमध्येच असणार. पण केबल गच्चीवरून पाइपातून भिंतीच्या आत शिरत होती आणि खोलीत उतरत होती. ती ओढून काढायला वेळ लागला असता, आणि नवी केबल घरात नव्हती. त्यांनी माळ्यावरून विजेच्या वायरीचं वेटोळं काढलं, खिडकीतून बाहेर फेकलं, दुसरं टोक सेटला जोडलं. काटा थोडा खाली आला. पॉवर अगदीच किरकोळ जात होती, बोलणं पोचण्याइतकी नव्हती. पण विजयसिंह फौजेतले होते. मोर्सच्या डॉट-डॅशची त्यांना इतकी सवय की गप्पा मारतानाही टेबलावर बोटं वाजवायचे. बोलणं जिथं पोचत नाही तिथं डॉट-डॅश पोचतं.

नीळकंठरावांनी डॉट-डॅश वाजवायचा खटका, म्हणजे 'की', सेटला जोडला आणि वाजवायला सुरुवात केली. आधी आपलं नाव. मग ऐकतोय. पुन्हा नाव. पुन्हा ऐकतोय.

स्पीकर थोडा वेळ नुसता खरखरला.

"काय तरी येतंय," विजयसिंह म्हणाले. नीळकंठराव स्पीकरकडे वाकले. "परत द्या. परत द्या, ओव्हर."

ते वाजवत राहिले. बोटं भिजून गारठली होती म्हणून अक्षरं वेडीवाकडी पडत होती. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून वाजवलं.

"न्हाय," विजयसिंह म्हणाले. "इजा चमकत्यात. त्याचीच खरखर हाय."

दार उघडलं. इंदिराबाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. "बोट निघाली," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चौकीतून निरोप गेला त्यांच्या वायरलेसवरून. ती पलीकडच्या गावात होती, तिथून निघाली. माझ्यासमोर त्यांनी विचारून घेतलं. सांगा त्यांना. लगेच सांगा."

नीळकंठरावांनी मीटरकडे बोट केलं.

"सांगा ना!"

"जात नाहीये, इंदिरा."

"म्हणजे?"

"इथून काही जातच नाहीये."

इंदिराबाईंनी त्यांच्या हातातून माइक ओढून घेतला आणि बटण दाबून, जसं रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं, त्या ओरडल्या, "विजयभावजी, थांबा! बोट निघालीय! थांबा तिथंच!" काटा हलला, पण पॉवर किरकोळच गेली. त्या पुन्हा ओरडल्या. मग नीळकंठराव पुन्हा कीवर बसले. थांबा. बोट. थांबा. बोट.

"सर," विजयसिंह म्हणाले. आवाजात आता घाई नव्हती. "कुणीच न्हाय वाटतं. बरुबर हाय, समद्यांकडंच पाणी असंल. मी ट्रॅक्टरची ट्यूब भरून घेतलीया. दोर चिंचेला बांधतो आन् जातो. दादाला पवता येत न्हाय. आमची साखर लेकीकडं इंदापूरला हाय, बरं हाय ते. सेट चालूच ठेवतो. आल्यावर बोलतो. ओव्हर."

त्यानंतर स्पीकरमधून फक्त पाऊस पडल्यासारखा आवाज येत राहिला.

नीळकंठराव वाजवत राहिले. हवेवर ऐकायला आता कुणी नाही हे त्यांना कळत होतं. इंदिराबाईंनी शेवटी त्यांचा हात धरला आणि कीवरून उचलून मांडीवर ठेवला.

दुपार कलता कलता मोहित पुन्हा चौकीत जाऊन आला. बोटीनं रावजींना छपरावरून उतरवलं होतं. रावजी थंडीनं काकडले होते, पण धड होते. दोर चिंचेला बांधलेला होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. ट्यूब खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. विजयसिंह पाणी ओसरल्यावर, पार लांब, उसाच्या फडात सापडले.

पाऊस थांबल्यावर नीळकंठरावांनी केबल पाइपातून ओढून काढली. पाइपाच्या तोंडाशी, जिथं हात पोचत नाही आणि नजरही जात नाही, तिथं खारीनं केबल कुरतडली होती. आतली तांब्याची तार तुटली होती आणि पाणी शिरलं होतं. तेवढा तुकडा कापून त्यांनी सांधा केला. अगदी थोडा वेळ लागला. मीटरचा काटा अगदी तळाला जाऊन बसला, जिथं बसायला हवा तिथं. त्यांनी सेट बंद केला.

दहाव्यानंतर ते इंदिराबाईंना घेऊन कोऱ्हाळ्याला गेले. वस्तीवर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. रावजी दाराशी घोंगडीवर बसले होते. त्यांनी नीळकंठरावांकडे पाहून हात जोडले आणि मान खाली घातली. साखरबाई आत होत्या. त्यांची लेक छकुली, इंदापूरजवळच्या लोणी देवकरच्या कारखान्यात असलेल्या नवऱ्याबरोबर आली होती. तिनं पाणी आणून दिलं.

पेला घेऊन दोघं आत साखरबाईंसमोर बसले.

"सर," साखरबाईच म्हणाल्या, "त्या दिशी तुमी ऐकत व्हता म्हणं."

"हो."

"समदं?"

"सगळं."

"काय म्हणले ते?"

नीळकंठरावांनी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. मोटारीची खोली, पडलेली भिंत, ट्यूब, चिंच. साखर लेकीकडं आहे ते बरं आहे, हेही सांगितलं. तेव्हा साखरबाईंनी पदर तोंडाला लावला. बाहेर बसलेले रावजी खोकले आणि उठून गोठ्याकडे निघून गेले.

"मग तुमी काय म्हणला?" पदर खाली घेत साखरबाईंनी विचारलं.

"थांबा म्हणालो. बोट निघालीय म्हणालो."

"तुमी म्हणला व्हता?"

"पुन्हा पुन्हा म्हणालो. आमची केबल तुटली होती. त्यांना ऐकूच गेलं नाही, वहिनी." हे 'वहिनी' कसं आलं ते त्यांना कळलं नाही. आजवर त्यांची नि साखरबाईंची गाठच पडली नव्हती.

साखरबाईंनी मान हलवली. ही गोष्ट त्या मनाशी नीट लावून घेत होत्या.

"न्हायच गेलं ऐकू," त्या म्हणाल्या. "गेलं असतं तर थांबले असते. माझं न्हाय ऐकायचे कधी. तुमचं ऐकायचे."

नीळकंठरावांना वाटलं, या बाईनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इंदिराबाई उठून साखरबाईंजवळ जाऊन बसल्या. छकुलीनं चहा आणला. नीळकंठरावांनी कप हातात घेतला, आणि तो निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.